शब्दांचे संरक्षण : मॅक्स याकोबसन यांची मुत्सद्देगिरी व ग्रंथलेखन

१

मुत्सद्द्यांनी लिहिलेले ग्रंथ आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकाला हरघडी वापरावे लागतात. परंतु ते कसे वाचावेत याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. पदव्युत्तर प्रबंधांतून अशा ग्रंथांतील विधाने बहुधा दोन प्रकारे येतात. एक तर ती प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणून जशीच्या तशी स्वीकारली जातात. नाही तर लेखक सरकारी नोकर होता एवढ्याच कारणावरून सारा ग्रंथ प्रचार म्हणून बाजूस सारला जातो. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावा लागत नाही. मुत्सद्द्याचा ग्रंथ मात्र या दोहोंपैकी कोठेच नीट बसत नाही. तो बखरीप्रमाणे मागाहून रचलेला असतो. आणि तरीही कित्येकदा तो स्वतःच एक अस्सल कागद असतो, कारण तो लिहिणे हेही त्या लेखकाच्या राजकारणाचेच एक अंग असते.

प्रस्तुत लेखात फिनलंडचे मुत्सद्दी मॅक्स याकोबसन (१९२३–२०१३) यांच्या कारकिर्दीचा व प्रमुख ग्रंथांचा या दृष्टीने परामर्श घ्यावयाचा आहे. याकोबसन यांची निवड करण्याचे कारण असे की, त्यांच्या ठायी लेखक आणि मुत्सद्दी ही दोन माणसे वेगळी काढता येत नाहीत. त्यांचा जन्म वीपुरी या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पत्रकार म्हणून त्यांनी लंडनमध्ये काम केले आणि १९५३ साली ते परराष्ट्रखात्याच्या सेवेत शिरून वॉशिंग्टन येथील वकिलातीत वृत्ताधिकारी झाले. पुढे खात्याचा वृत्तविभाग आणि त्यानंतर राजकीय विभाग त्यांच्याकडे आला. १९६५ पासून १९७१ च्या अखेरीपर्यंत ते न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघातील फिनलंडचे स्थायी प्रतिनिधी होते. १९७१ साली संघाच्या सरचिटणीसपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि सोव्हिएट नकाराधिकारामुळे मागे पडले. त्यानंतर काही काळ ते स्वीडनमध्ये राजदूत होते. आणि मग सरकारी सेवा सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य मुख्यतः लेखनात घालविले.

या कारकिर्दीच्या मुळाशी एक प्रश्न आहे. ज्या लहान राष्ट्राची सुमारे तेराशे किलोमीटरची सीमा एका महासत्तेशी भिडलेली आहे, त्याला आपले रक्षण शब्दांनी कितपत करता येते? याकोबसन यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी इतिहासात शोधले, मग व्यवहारात आणि शेवटी स्मरणात. ही तिन्ही उत्तरे सारख्याच योग्यतेची नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

त्यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ 'मुत्सद्द्यांचे हिवाळी युद्ध' या अर्थाच्या नावाने १९५५ साली फिनिश भाषेत निघाला. त्याची इंग्रजी आवृत्ती 'द डिप्लोमसी ऑफ द विंटर वॉर' १९६१ साली प्रसिद्ध झाली. विषय अर्थातच ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सुरू होऊन १३ मार्च १९४० रोजी संपलेल्या फिनलंड–सोव्हिएट युद्धाचा. परंतु नावातच सुचविल्याप्रमाणे येथे रणांगण गौण असून वाटाघाटींचा दिवाणखाना प्रमुख आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. २३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन–सोव्हिएट कराराला जोडलेल्या गुप्त लेखाने फिनलंड सोव्हिएट प्रभावक्षेत्रात टाकला गेला. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोने बोलावणे धाडले. सीमा लेनिनग्राडपासून अवघ्या बत्तीस किलोमीटरांच्या आसपास होती. ती मागे सरकावी, फिनलंडच्या आखातातील काही बेटे मिळावीत आणि हांको येथे आरमारी तळासाठी भाडेपट्टा मिळावा, अशा स्टॅलिनच्या प्रमुख मागण्या होत्या. मोबदल्यात पूर्व कारेलियाचा दुप्पट विस्ताराचा, परंतु ओसाड प्रदेश देऊ केलेला होता. फिनलंडतर्फे पासिकिवी आणि टान्नेर बोलणी करीत होते. हेलसिंकीत परराष्ट्रमंत्री एर्को यांनी ताठर भूमिका घेतली होती. नोव्हेंबरात बोलणी फिसकटली आणि महिनाअखेर बाँबवर्षाव सुरू झाला.

ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या मांडणीत आहे. प्रतिपक्षाला राक्षस ठरविण्याचा सोपा मार्ग लेखकाने टाळला आहे. स्टॅलिनच्या मागण्या त्याला स्वतःला कोणत्या भयातून आवश्यक वाटल्या असतील हे तो शांतपणे उलगडतो. फिनिश नेते त्याच मागण्यांकडे केवळ न्यायान्यायाच्या आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने पाहत होते. एक बाजू नकाशा वाचीत होती आणि दुसरी तहाचा मजकूर. एकाच मेजावर बसून दोघे दोन वेगळ्या भाषा बोलत होते. या विवेचनाचे मोल जाणण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. तहाने जो प्रदेश गेला त्यात लेखकाचे जन्मगाव वीपुरी होते. त्या वेळी त्याचे वय सोळा वर्षांचे होते. सुमारे सदतीस लाख वस्तीच्या देशातील चार लाखांवर माणसे घरेदारे सोडून निघाली होती. अशा लेखकाने पंधराच वर्षांनी हा विषय हाती घ्यावा आणि विलापाला थारा न देता कारणमीमांसा करावी, हा संयम वाखाणण्याजोगा आहे.

तथापि या मीमांसेची एक मर्यादा दाखविणे प्राप्त आहे. युद्ध गैरसमजातून उद्भवले असे म्हटले की समजूत पटली असती तर ते टळले असते, हा निष्कर्ष आपोआप सूचित होतो. एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया यांनी त्याच शरद ऋतूत, २८ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर १९३९ या दोन आठवड्यांत, सोव्हिएट मागण्या मान्य करून तळ दिले होते. ऑगस्ट १९४० मध्ये ती तिन्ही राष्ट्रे सोव्हिएट संघात विलीन करण्यात आली. शिवाय युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने ओटो कूसिनेन यांचे बाहुले सरकार टेरिओकी येथे उभे केले. सीमा थोडी मागे सारण्यापुरताच हेतू असता तर या सरकारचे प्रयोजन उरत नाही. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा सोव्हिएट दफ्तरे बंद होती, आणि गुप्त लेखाचे अस्तित्व मॉस्कोने मान्य केले ते १९८९ साली. म्हणून हा दोष लेखकाच्या विवेकाचा नसून साधनांचा आहे, असे म्हणता येईल. परंतु साधनांच्या अभावी उरलेली जागा लेखकाने कशाने भरली, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. ती जागा भरली आहे ती १९५५ सालच्या फिनलंडच्या गरजेने. शेजाऱ्याशी बोलून भागते, असे मानणे त्या सालच्या फिनलंडला आवश्यक होते.

३

ही गरज सिद्धान्ताच्या रूपाने मांडली गेली ती 'फिनिश न्यूट्रॅलिटी' या १९६८ सालच्या इंग्रजी ग्रंथात. ६ एप्रिल १९४८ चा फिनलंड–सोव्हिएट मैत्री, सहकार्य व परस्परसाहाय्य तह हा या सिद्धान्ताचा पाया होय. जर्मनीने वा तिच्या साथीदाराने फिनलंडवर किंवा फिनलंडमार्गे सोव्हिएट संघावर हल्ला केल्यास फिनलंडने आपल्या सीमेच्या आत लढावे, आणि तशा हल्ल्याचा धोका सिद्ध झाल्यास उभय पक्षांनी विचारविनिमय करावा, असे त्यात ठरले होते. महासत्तांच्या हितसंघर्षापासून अलग राहण्याची फिनलंडची इच्छा प्रास्ताविकात नमूद केली होती. लष्करी बांधिलकी कलमांत आणि तटस्थता प्रास्ताविकात, अशी ही विषम वाटणी होती. फिनिश मुत्सद्देगिरीचे सारे कौशल्य प्रास्ताविकाचा आवाज कलमांपेक्षा मोठा करण्यात खर्ची पडले. त्या कामातील एक प्रमुख कारागीर याकोबसन होते.

भारतीय अभ्यासकाला येथे एक साम्य जाणवल्यावाचून राहणार नाही. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत–सोव्हिएट तहातही आक्रमणाच्या धोक्याच्या प्रसंगी विचारविनिमय करण्याचे नववे कलम आहे. परंतु भारताच्या अलिप्ततेविषयीचा आदर तेथे प्रास्ताविकात न राहता चौथ्या कलमात स्थान पावला आहे. दोन राष्ट्रांच्या आकारातील व भूगोलातील अंतर मसुद्याच्या रचनेत कसे उमटते याचे हे बोलके उदाहरण होय. अलिप्तता हे स्वतःच्या निर्णयस्वातंत्र्याचे विधान आहे. फिनिश तटस्थता ही दुसऱ्याने मान्य करावयाची स्थिती होती. म्हणूनच ती टिकविण्यासाठी अखंड बोलत राहणे भाग होते.

या सिद्धान्ताची कसोटी १९६१ साली लागली. अध्यक्ष केक्कोनेन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि याकोबसन त्यांच्यासमवेत होते. ऑक्टोबरात अध्यक्षांनी आमसभेपुढे भाषण केले. आपले राष्ट्र जागतिक तंट्यांत न्यायाधीशाची नव्हे तर वैद्याची भूमिका घेऊ इच्छिते, असा त्यातील आशय पुढे फिनिश धोरणाचे सूत्र होऊन बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३० ऑक्टोबर रोजी, ही मंडळी हवाई बेटांवर असताना सोव्हिएट खलिता आला. पश्चिम जर्मनीच्या वाढत्या शस्त्रसज्जतेचा हवाला देऊन १९४८ च्या तहानुसार लष्करी विचारविनिमयाची मागणी त्यात केली होती. २४ नोव्हेंबर रोजी नोव्होसिबिर्स्क येथे केक्कोनेन यांनी ख्रुश्चेव्ह यांची भेट घेतली आणि विचारविनिमय लांबणीवर टाकण्यात आला. त्याच दिवशी अध्यक्षीय निवडणुकीतील विरोधी उमेदवार ओलावी होंका यांनी माघार घेतली. आणि १९६२ च्या आरंभी केक्कोनेन पुन्हा निवडून आले.

१९६८ च्या ग्रंथात या प्रसंगाच्या विवेचनाचा भर युरोपातील लष्करी ताणावर आणि बर्लिनच्या पेचावर आहे. हे विवेचन असत्य नाही, परंतु ते एकांगी आहे. परकी खलित्याने एका स्वतंत्र देशातील निवडणुकीचे स्वरूप पालटले, ही बाब तटस्थतेच्या कोणत्याही सिद्धान्तापुढे सर्वांत अडचणीची आहे. आणि नेमके तेथेच लेखकाची वाक्ये आखडती होतात. येथे ग्रंथकाराचा अप्रामाणिकपणा पाहण्याचे कारण नाही. तो पदावर असलेला प्रतिनिधी होता; त्याच्या ग्रंथाचे पहिले वाचक न्यूयॉर्क, लंडन व मॉस्को येथील परराष्ट्रखात्यांत बसलेले होते. फिनलंड तटस्थ आहे असे जगाला वाटावे, हाच मुळी ग्रंथाचा हेतू होता. आणि तसे वाटले की फिनलंड अधिक तटस्थ होत असे. असा ग्रंथ वर्णन करीत नाही, तो कृती करतो. म्हणून त्याला इतिहासाच्या नव्हे, तर राजनैतिक खलित्याच्या मापाने मोजले पाहिजे. आणि त्या मापाने तो उत्कृष्ट आहे. मात्र जो विद्यार्थी त्याचा उपयोग १९६१ च्या घटनेचे प्रमाण म्हणून करील, तो फसेल.

या पद्धतीची उणीव पुढे सोव्हिएट बाजूनेच उघड केली. १९७० नंतर मॉस्को संयुक्त निवेदनांतून फिनलंडसंबंधी 'तटस्थता' हा शब्द निःसंदिग्धपणे वापरण्यास कांकूं करू लागले, आणि गोर्बाचेव्ह यांनी हेलसिंकीत तो मोकळेपणाने उच्चारला तो ऑक्टोबर १९८९ मध्ये. ज्या शब्दाची किंमत दुसऱ्याच्या मुखावर अवलंबून आहे, तो शब्द दुसरा केव्हाही परत घेऊ शकतो.

४

याकोबसन यांच्या व्यावहारिक कर्तृत्वाचा कळस १९६९–७० या दोन वर्षांत, फिनलंड सुरक्षा समितीचा सभासद असताना, दिसतो. नामिबियाचा प्रश्न त्या वेळी कुंठित झाला होता. दक्षिण आफ्रिकेचा अधिदेश आमसभेने १९६६ साली रद्द केला होता. परंतु तो रद्द झाल्याचा कायदेशीर परिणाम काय, याविषयी राष्ट्रांत एकवाक्यता नव्हती. फिनलंडने पुढाकार घेऊन हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सल्ल्यासाठी पाठविण्याची सूचना मांडली, आणि २९ जुलै १९७० रोजी २८४ क्रमांकाचा ठराव विरोधी मत न पडता संमत झाला. २१ जून १९७१ रोजी न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेची तेथील उपस्थिती बेकायदेशीर असल्याचा अभिप्राय दिला. ओवाम्बो प्रदेशात १८७० पासून फिनिश धर्मोपदेशक काम करीत होते, त्यामुळे फिनलंडला हा प्रदेश अपरिचित नव्हता. पुढे १९७७ साली मार्टी आहतिसारी नामिबियासाठी संघाचे आयुक्त झाले, आणि १९८९–९० मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली तेथील स्वातंत्र्याचे संक्रमण पार पडले. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. या वीस वर्षांच्या वाटचालीतील एक निर्णायक पाऊल त्या ठरावाने टाकले होते.

येथे वैद्य व न्यायाधीश यांचे ते सूत्र आठवावे. वैद्य म्हणविणाऱ्या राष्ट्राने या प्रसंगी स्वतः निवाडा दिला नाही हे खरे. परंतु त्याने रोग्याला न्यायाधीशाच्या दारात नेऊन सोडले, हेही तितकेच खरे. सूत्र आणि कृती यांतील ही विसंगती याकोबसन यांच्या हिताचीच आहे. सीमेपलीकडील महासत्तेचा प्रत्यक्ष हितसंबंध गुंतलेला नव्हता तेथे त्यांनी कायद्याची बाजू निर्भयपणे घेतली. १९३९ च्या फिनिश नेत्यांचा जो कायदेनिष्ठपणा त्यांनी आपल्या पहिल्या ग्रंथात अपुरा ठरविला होता, तोच येथे लहान राष्ट्राचे खरे शस्त्र ठरला. सुरक्षा समितीच्या नियतकालिक बैठका भराव्यात ही त्यांची दुसरी सूचना मात्र इतकी फलद्रूप झाली नाही. सनदेच्या अठ्ठाविसाव्या कलमात तरतूद असूनही पंचवीस वर्षे न भरलेली अशी बैठक २१ ऑक्टोबर १९७० रोजी भरली. परंतु ती प्रथा रुजली नाही.

१९७१ साली ऊ थांट यांच्या जागी कोण, हा प्रश्न आला तेव्हा याकोबसन यांची योग्यता सर्वमान्य होती, आणि ब्रिटन व अमेरिका यांचा त्यांना पाठिंबा होता. सोव्हिएट संघाने नकाराधिकार वापरला. ज्यू कुळातील सरचिटणीस अरब राष्ट्रांना मानवणार नाही, असे कारण त्या वेळी पुढे केले जाई. अखेर २१ डिसेंबर रोजी ऑस्ट्रियाचे कुर्ट वाल्डहाइम यांची शिफारस झाली. आपल्या वाचकांनी ती तारीख लक्षात ठेवावी. त्याच दिवशी त्याच समितीने भारत–पाकिस्तान युद्धानंतरचा ३०७ क्रमांकाचा ठराव संमत केला. त्याआधीच्या पंधरवड्यात युद्धबंदीचे ठराव सोव्हिएट नकाराधिकारानेच अडले होते. एकाच महिन्यात एकाच अधिकाराने भारताला हवा असलेला अवधी दिला आणि फिनलंडच्या मुत्सद्द्याला त्याचे पद नाकारले. नकाराधिकाराविषयी आपली मते बहुधा तो कोणाच्या बाजूने पडला यावर ठरतात. याकोबसन यांचे उदाहरण आपल्या त्या सवयीला उपयुक्त धक्का देणारे आहे.

फिनलंड चांगला शेजारी आहे असे मॉस्कोला पटविण्यात ज्याने आपली उमेद खर्च केली, तो माणूस मॉस्कोला जगाचा मध्यस्थ म्हणून चालला नाही. शेजाऱ्याने दिलेली मान्यता शेजारापुरतीच असते, असा याचा अर्थ होतो.

५

यानंतरचे दोन ग्रंथ स्मृतिपर आहेत. १९५३ ते १९६५ या काळावरील 'पाण्यावर ओढलेली रेघ' १९८० साली, आणि न्यूयॉर्कच्या वर्षांवरील 'अडतिसावा मजला' १९८३ साली प्रसिद्ध झाला. सरचिटणीसाचे कार्यालय संघाच्या इमारतीच्या अडतिसाव्या मजल्यावर आहे. ज्या मजल्यावर आपणाला बसता आले नाही त्याचेच नाव ग्रंथाला देण्यात एक प्रकारची खिलाडू वृत्ती आहे. पण कडवटपणाला वाव देणारा विषयही तोच आहे. वाल्डहाइम यांच्या बाल्कनमधील युद्धकालीन सेवेचा गवगवा १९८६ साली झाला. म्हणजे वाचकाला आज दिसणारा मोठा उपरोध ग्रंथकाराला लिहिताना उपलब्ध नव्हता. आजचा वाचक तो ग्रंथ वाचताना स्वतःचे हे ज्ञान त्यात मिसळतो. ते वेगळे काढूनच ग्रंथाचा विचार केला पाहिजे.

या स्मृतिग्रंथांत पदाचे बंधन सुटल्यामुळे भाषा मोकळी झाली आहे. व्यक्तिचित्रे आणि सभागृहांबाहेरील हालचालींचे तपशील मनोवेधक आहेत. परंतु शब्दांनी केलेल्या संरक्षणाचा जो अंतर्गत खर्च होता, त्याचा पुरता ताळेबंद येथेही मिळत नाही. बाहेरच्या जगाशी जपून बोलण्याची सवय लागलेला समाज हळूहळू आपसांतही जपून बोलू लागतो. १९७३ साली खास कायदा करून केक्कोनेन यांची मुदत निवडणुकीवाचून चार वर्षे वाढविण्यात आली, ही त्या काळातील सार्वजनिक जीवनाची स्थिती होती. 'फिनलंडीकरण' या पश्चिमी दूषणाला याकोबसन यांनी आयुष्यभर उत्तर दिले, आणि परकी टीकाकारांच्या अज्ञानापुरते ते उत्तर समर्पक होते. परंतु बाहेरच्या आरोपाचे खंडन आणि घरातले आत्मपरीक्षण ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात गुंतलेल्या माणसाच्या हातून दुसरे राहून जाते.

६

यावरून काढावयाचा निष्कर्ष असा. याकोबसन यांचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ पहिलाच होय. त्यात ते दुसऱ्यांनी केलेल्या वाटाघाटी वाचीत होते. पुढे ते स्वतःच्या वाटाघाटी सांगू लागले, तेव्हा दृष्टी तीच राहिली तरी अंतर उरले नाही. मुत्सद्दी म्हणून मिळालेला अनुभव इतिहासकाराला उपकारक ठरतो तो विषय दुसऱ्याचा असेल तेव्हा. विषय स्वतःचा झाला की तोच अनुभव आड येतो. म्हणून असा ग्रंथ हाती घेताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : लेखक त्या वेळी कोणत्या पदावर होता, ग्रंथाचा पहिला अपेक्षित वाचक कोण होता, आणि कोणत्या ठिकाणी त्याची वाक्ये अकारण आखूड होतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत मोलाचे असते.

त्यांच्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले? १९४८ चा तह १९९२ साली संपुष्टात आला. १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला. आणि ४ एप्रिल २०२३ रोजी, याकोबसन यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, तो उत्तर अटलांटिक करार संघटनेचा सभासद झाला. तटस्थतेची रेघ पुसली गेली. तथापि यावरून ती ओढणेच व्यर्थ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती रेघ होती तोवर त्या राष्ट्राची संसद, न्यायालये आणि निवडणुका, उणिवांसह का होईना, शाबूत राहिल्या. शेजारच्या तीन राष्ट्रांना तेवढेही लाभले नाही. पाण्यावरील रेघ टिकत नाही, हे मराठी माणूस बोलताना सहज म्हणतो; ती पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा ओढीत राहणाऱ्या हाताचा विचार मात्र त्या वाक्प्रचारात नाही. याकोबसन यांचे ग्रंथ त्या हाताची साक्ष म्हणून वाचावेत; आणि त्या साक्षीची उलटतपासणी करणे हाच त्या हाताविषयी आदर दाखविण्याचा अभ्यासकाला शोभेलसा मार्ग आहे.